खुरप्याचा दांडा वीतभरच का? शेतात वाकून धरलेली दुखणी

शिवारातली · ११ जुलै, रात्री ९.२०

जालना जिल्ह्यात आमचं साडेचार एकर रान आहे. दीड एकर कपाशी, बाकी सोयाबीन आणि मध्ये तुरीचे तास. आज सोयाबीनची पहिली खुरपणी उरकली. आम्ही सात जणी होतो. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर एकीनं पदराच्या गाठीतून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि चार हात पुढे आले. कुणी काही बोललं नाही, कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि परत तासाला लागल्या. तेव्हापासून मला चैन नाही.

माझी आई ६१ वर्षांची आहे. चाळीस वर्षं तिनं खुरपणी, सोंगणी, वेचणी केली. आधी दुसऱ्याच्या बांधावर रोजानं, मग आमच्याच रानात. आता तिला ताठ उभं राहता येत नाही. उठताना आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर, मग भिंत. मागच्या महिन्यात तिला तालुक्याला दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, "पडला होतात का? काही लागलं होतं का?" दोन्हीला ती नाही म्हणाली. केसपेपरवर लिहून आलं, 'वयोमानानुसार झीज'. आमच्या गल्लीत आईच्याच वयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या रोज सकाळी देवळापर्यंत दोन किलोमीटर चालत जातात, पाठ सरळ. वय दोघींचं एकच आहे. मग झीज वयाची कशी म्हणायची?

आज मी स्वतःवरच लक्ष ठेवलं. सकाळी सात ते अकरा या चार तासांत मी पूर्ण ताठ नऊ वेळा उभी राहिले. बाकी सगळा वेळ उकिडवं बसून सरकत, नाहीतर कमरेत वाकून. खुरप्याचा दांडाच वीतभर. अवजार जमिनीपाशी, म्हणून माणूसही जमिनीपाशी.

औषधं आणि तेलं कृपा करून सांगू नका, ती घरात रग्गड आहेत. कुठल्या कामानं काय धरलं आणि कामाची पद्धत किंवा अवजार बदलून कुणाला फरक पडला, तेवढं लिहा.

---

वऱ्हाडी_सरकी · ११ जुलै, रात्री १०.०५

खुरपणीला आमच्याकडे यवतमाळला निंदण म्हणतात. नाव बदललं तरी कंबर तीच, ताई.

माझा अनुभव फवारणीच्या पंपाचा. पंप १६ लिटरचा, म्हणजे पाण्याचंच वजन १६ किलो, वर पंपाचं वेगळं. एकराला दोनशे लिटर पाणी धरलं तर बारा-तेरा पंप होतात. प्रत्येक वेळी तो जमिनीवरून उचलून पाठीवर घ्यायचा आणि ओल्या रानात तासातासानं चालायचं. हातपंप असताना डाव्या हातानं दांडा मारून मारून माझा खांदा गेला. बॅटरीचा पंप आणला तेव्हा खांदा सुटला, पण वजन वाढलं आणि कंबर धरली. त्यात पट्टा तुटला की आपण सुतळी बांधतो. ती सुतळी खांद्यात कशी रुतते, ते ज्यानं पंप घेतला त्यालाच ठाऊक.

दोन गोष्टींनी फरक पडला. एक, पंप आता जमिनीवर भरतच नाही. पाण्याच्या ड्रमाशेजारी कमरेइतक्या उंचीचा दगडी ओटा रचला आहे. पंप त्यावर ठेवून भरतो, पाठ लावून पट्टे घालतो आणि तसाच उभा चालू लागतो. उचलणं गेलं. दुसरं, जुन्या रजईचा जाड पट्टा शिवून खांद्यावर घेतला. खर्च शून्य.

वेचणीचं नंतर लिहितो, तो विषय माझ्या बायकोचा आहे. तिलाच विचारून लिहीन.

---

फिजिओ_कृष्णाकाठ · १२ जुलै, सकाळी ७.४०

शिवारातली ताई, तुमची नऊ वेळांची मोजणी वाचून थांबले. मी सांगली भागात चौदा वर्षं फिजिओथेरपी करते, पण रुग्णाला 'चार तासांत किती वेळा ताठ होता?' असं मी कधी विचारलं नव्हतं. आजपासून विचारणार.

आधी वाकण्याचं. माणूस कमरेत पूर्ण वाकून राहिला की थोड्या वेळानं पाठीचे स्नायू काम सोडतात आणि धडाचा सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर येतो. हे बंध रबरासारखे हळूहळू ताणले जातात. वीसेक मिनिटं असं राहिल्यावर तुम्ही उभं राहिलात, तरी पहिल्या दोन मिनिटांत निम्माच ताण ओसरतो. उरलेला जायला अर्धा तासही पुरत नाही. म्हणून सगळ्यात धोक्याचा क्षण कुठला? दिवसभर वाकून सोंगणी केली आणि लगेच कुणीतरी म्हणालं, 'चला, एवढी पोती ट्रॉलीत टाकून घ्या.' सैल पडलेल्या कमरेवर पन्नास किलो. उसण भरते ती तिथे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक 'अचानक' उसणींची गोष्ट अशीच असते. वाकण्याचं काम आणि उचलण्याचं काम यांच्यात निदान दहा मिनिटं चालणं-फिरणं ठेवा.

उकिडवं बसून सरकण्यात कंबर थोडी सुटते, पण गुडघा पूर्ण मुडपलेला राहतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. बायका अर्धा तास बसून, अर्धा तास वाकून असं आलटून पालटून करतात. ते शहाणपणाचं आहे, पण त्यात गुडघा आणि कंबर दोन्ही थोडी थोडी जातात.

आता 'वयोमानानुसार'. तुमच्या आईचं दुखणं एकटीचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून जगभर झालेल्या पाहण्यांपैकी ती भारतातली पहिली. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना असा त्रास होता, म्हणजे दर साडेपाच माणसांमागे एक. आणि पाहिलेल्या सगळ्या प्रौढांत नेहमीच्या संधिवाताचे, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आमवाताचे रुग्ण अर्धा टक्काच होते. लोकांना वाटतं सांधे दुखले की 'वात' झाला. गावातल्या बहुतेक दुखण्यांत वात नाही. तिथे झीज आहे, ताण आहे आणि काम आहे.

एक विनंती. आईचा केसपेपर काढून बघा, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय?

---

शिवारातली · १२ जुलै, दुपारी १.१५

काढून बघितला. 'गृहिणी' लिहिलंय.

---

फिजिओ_कृष्णाकाठ · १२ जुलै, दुपारी १.३०

तेच वाटलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा शेतकरी बायकांपैकी आठ-नऊ जणींच्या कागदावर हेच असतं. कागदावर काम नाही, म्हणून दुखण्याला कारण उरत नाही, म्हणून वय. पुढच्या वेळी तो रकाना बदलून घ्या. हट्ट धरा.

---

जुना_नांगऱ्या · १२ जुलै, सायंकाळी ६.५०

सगळ्यांना नमस्कार. वय ७३, मुक्काम सातारा जिल्हा.

पोरी, तुझं दुखणं खरं आहे, पण खुरप्याला दोष देऊ नकोस. लांब दांड्यानं भांगलण, म्हणजे तुमची खुरपणी, होत नाही. रोपाच्या बुडातलं तण हातानंच काढावं लागतं. दांडा लांब केला की डोळा लांब जातो आणि चार तणांबरोबर एक रोप जातं. आमच्या आईनं हेच खुरपं वापरलं.

मात्र एक सांगतो. त्या वेळी काम बदलत असे. सावडीनं एकमेकांच्या रानात जायचो. सकाळी भांगलण, उन्हं चढली की वैरण, दुपारी मोट नाहीतर गुरं. हात बदलत, पाय बदलत. आता उक्तं घेतात. एकराला एवढे पैसे, मग आठ दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा तेच एक काम, एकाच अंगानं. माझ्या मते माणूस मोडतो तो या उक्त्यानं.

---

पश्चिमकिनारा · १३ जुलै, पहाटे ४.१०

काका, नमस्कार. मी मूळचा बारामतीकडचा, वीस वर्षं कॅलिफोर्नियात आहे. तुमचा 'लांब दांड्यानं रोप जातं' हा मुद्दा वाचला आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य इथल्या शेतमालकांनी पन्नास वर्षांपूर्वी सरकारपुढे मांडलं होतं.

इथल्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसची विरळणी आणि खुरपणी करायला मेक्सिकन मजुरांच्या हातात एक आखूड दांड्याची कुदळ दिलेली असे. दांडा फूटभर ते दोन फूट. मजूर तिला स्पॅनिशमध्ये 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे 'आखूडशी'. दिवसभर दुमडून काम. मालक म्हणत, लांब दांडा दिला तर रोपं कापली जातील, पीक बुडेल. दुसरं कारण मजूर सांगत. आखूड दांडा असला की मुकादमाला रानाच्या कडेवरून एका नजरेत कळतं, कोण काम करतंय आणि कोण पाठ सरळ करतंय. जो उभा दिसला तो कामचुकार.

शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ स्वतः त्या कुदळीनं राबले होते आणि त्यांना पाठदुखी जन्मभर पुरली. गरिबांना मोफत सल्ला देणाऱ्या एका संस्थेतले वकील मॉरिस जॉर्डेन यांनी मजुरांच्या वतीनं प्रकरण चालवलं. डॉक्टरांनी साक्षी दिल्या की या वाकण्यानं मणके कायमचे बिघडतात. शेवटी जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मजुरांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्याच वर्षी ही कुदळ शेतातून हद्दपार झाली. लेट्यूस काही बंद पडला नाही. सॅलिनास आजही लेट्यूससाठीच ओळखलं जातं.

पुढचा भागही सांगायला हवा. कुदळीवर बंदी आली तसं काही मालकांनी 'मग हातानंच उपटा' सुरू केलं. वाकणं तेच, फक्त हातात अवजार नाही. त्यावर नियम यायला २००४ उजाडलं. दुसरा मार्ग असेल तिथे वाकून हातानं तण उपटायला लावायचं नाही, असा तो नियम. सेंद्रिय शेतीला त्यातून सूट आहे.

आपल्याकडे मुकादम नसतो, बाई स्वतःच्याच रानात वाकते, हे मला कळतं. पण 'अवजार असंच असतं' हे तिथेही सगळ्यांना वाटत होतं.

---

सायकल_कोळपं · १३ जुलै, सकाळी ८.२५

नांगऱ्या काका आणि ताई, दोघांचंही बरोबर आहे, दोन कामं वेगळी केली की भांडण मिटतं.

तण दोन जागी असतं, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात आणि रोपांच्या बुडात. पट्ट्यातलं तण निम्म्याहून जास्त असतं आणि ते उभ्यानं निघतं. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्याला दोन दांडे आणि मागे पास, म्हणजे तण कापणारं पातं. हे कोळपं गावातला वेल्डर करून देतो. उभ्यानं ढकलत जायचं. मग खुरपं घेऊन बसायचं ते फक्त बुडातल्या तणापुरतं. आमच्या मक्यात पाच दिवसांचं खुरपणं दोन दिवसांवर आलं.

दोन अटी आहेत. पेरणी सरळ ओळीत हवी आणि वाफसा हवा. चिखलात चाक चालत नाही. आणि दांड्याची उंची बाईच्या मापानं घ्या. वेल्डर पुरुष, मोजणारा पुरुष, मग ढकलणारी बाई खांदे उचलून ढकलते आणि संध्याकाळी मान धरते.

---

गोदाकाठचा · १३ जुलै, दुपारी २.००

'बाईच्या मापानं' हे वाचून माझी चूक लिहितो.

निफाड भागात द्राक्षबाग. मांडव उभारताना उंची मी माझ्या हिशेबानं घेतली, मी पाच फूट नऊ इंच. थिनिंगला येणाऱ्या बायका बहुतेक पाच फुटांच्या आत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मण्यांची विरळणी आणि जीएचं डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, चालतं, तेव्हा त्या दिवसभर मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्यावर धरून उभ्या. जमिनीकडे वाकणं नाही, आकाशाकडे ताणणं. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात वेणी घालायलाही वर जात नाही, हे मला अनेक वर्षं माहीत नव्हतं. एकदा एका मावशींनी हसत हसत सांगितलं, "दादा, तुमच्या बागेत आलं की घरी नात केस विंचरून देते."

मांडव खाली घेता येत नाही. मग रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट उलटे टाकून बघितले. ते डुगडुगतात. शेवटी अर्धा फूट उंचीचे रुंद लाकडी पाट करून घेतले, दोघी उभ्या राहतील असे. घड डोक्यावरून डोळ्यांसमोर आले. आता बायका पाट स्वतःच ओढत नेतात, आठवण करावी लागत नाही. दुसरं, कात्री. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं बसतं. रोज सकाळी कात्र्यांना धार लावणं हे मी माझं काम केलंय.

---

कोयत्याचं_पोर · १३ जुलै, रात्री ११.३०

चार दिवस वाचतोय असं वाटतंय, खरं तर दोनच झाले. लिहू की नको करत होतो.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला निघायचं, उन्हाळ्यात परत. नवराबायको मिळून एक कोयता. मी तिथल्याच कोपीत, म्हणजे झोपडीत, वाढलो, आज शिक्षक आहे.

तोडणी वाकूनच होते, कारण ऊस जमिनीसरशी तोडावा लागतो, बुडाला साखर जास्त. मग वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, तोडायचं, मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. फळी ओली असते, बऱ्याचदा रात्र असते. आई हे गरोदरपणातही करत होती. आज तिची मान उजवीकडे वळत नाही, बोलावलं की ती अख्खी वळते.

पश्चिमकिनारा यांनी मुकादमाच्या नजरेचं लिहिलं. आमच्याकडे नजरेऐवजी खाडा आहे. एक दिवस पडून राहिलं की मजुरी तर जातेच, वर दंड लागतो आणि तो उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, जमा होतो. म्हणून कंबर मोडली तरी माणूस उठतो. तुम्ही लिहिता दहा मिनिटं चाला, पाठ सरळ करा. खरं आहे, पटतं. पण ती दहा मिनिटं कुणाची आहेत, हा आमचा प्रश्न आहे.

आणि कंबरदुखीचं शेवटी काय होतं तेही लिहितो. बाई डॉक्टरकडे जाते, म्हणते कंबर आणि ओटीपोट दुखतं. तिला सांगतात, पिशवी खराब आहे, काढून टाका. २०१९ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सगळ्याच कंबरेसाठी काढली असं मी म्हणत नाही. पण आमच्या नात्यातल्या तिघी मला माहीत आहेत. पिशवी गेली, कर्ज झालं, पुढच्या हंगामात परत मोळी उचलली आणि कंबर तशीच दुखत राहिली. दुखणं मोळीचं होतं.

---

शिवारातली · १४ जुलै, सकाळी ६.००

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

दर्याभात · १४ जुलै, दुपारी ३.४५

आम्ही रायगडकडचे. सध्या सगळीकडे लावणी चालू आहे, म्हणजे घोटाभर चिखल, वरून पाऊस आणि दिवसभर कमरेत वाकून मागे मागे सरकणं. चिखलातून पाय उपसताना खुबा आणि गुडघा दोन्ही ओढले जातात. बेणणीला, म्हणजे भातातलं तण काढायला, परत तेच.

आम्ही पाच वर्षांपूर्वी अर्ध्या शेतात सगुणा राईस तंत्र सुरू केलं. नेरळच्या सगुणा बागेतले चंद्रशेखर भडसावळे यांनी ते रुजवलं. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदा करायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडायची, त्यात बी टाकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यांवर पुढचं पीक घ्यायचं. माझ्या आईला लावणीचे पंधरा दिवस सुटले. बी टाकायला वाकावं लागतं, पण कोरड्या जमिनीवर, आणि काम दोन दिवसांत संपतं.

उणी बाजूही लिहितो. पहिल्या वर्षी वाफे करायला बरीच मेहनत पडते आणि तणासाठी तणनाशक मारावं लागतं. ते मला मनापासून पटत नाही. पण आईची कंबर आणि तणनाशक यांत मी कंबर निवडली.

---

स्टिअरिंग_बारा_तास · १४ जुलै, रात्री ८.१०

ट्रॅक्टरवाल्यांकडे कुणी वाकताना बघत नाही म्हणून वाटतं आमचं बसून काम. मी भाड्यानं रोटाव्हेटर मारतो. ढेकळांवरून गाडी चालते तेव्हा सीट दिवसभर हादरत असते. त्यात अवजार मागे, म्हणून मान कायम उजवीकडे मागे वळलेली. मला कंबरेपेक्षा मानेनं आधी धरलं, मग उजव्या हाताला मुंग्या.

काय केलं? सीटखाली वजनाप्रमाणे स्प्रिंग घट्ट-सैल करायचा नॉब असतो. आठ वर्षं चालवून मला तो माहीत नव्हता, मेकॅनिकनं दाखवला. दोन मोठे आरसे लावले. आणि उतरताना उडी मारणं बंद केलं. दोन-तीन तास हादरे खाल्ल्यावर वरून धाडकन उडी मारली की कमरेत कळ यायची. आता ट्रॅक्टरकडे तोंड करून पायरीनं उतरतो.

---

फिजिओ_कृष्णाकाठ · १५ जुलै, सकाळी ७.१५

स्टिअरिंग दादा, अगदी योग्य केलंत. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ हिसक्यांना सगळ्यात जास्त थरथरतो आणि ट्रॅक्टरचे हादरे नेमके त्याच पट्ट्यात येतात. तासाभरानं उतरून दोन मिनिटं चाला. हाताच्या मुंग्या वाढल्या किंवा पकड ढिली पडली तर मात्र दाखवा.

औषधं सांगू नका असं ताईंनी म्हटलंय, तरी पदराच्या गाठीतल्या गोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. उन्हात घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना रोज दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की मूत्रपिंडावर थेट मार बसतो, पोटात व्रण होतात ते वेगळंच. काही ठिकाणी 'एका सुईत बरं करतो' म्हणून स्टेरॉईड देतात. आठ दिवस माणूस धावतो, मग परत जातो. असं वर्षानुवर्षं चाललं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. कुठली गोळी, कुठली सुई, हे नाव विचारून लिहून घ्या.

आणि 'मणक्यात गॅप आलाय'. हे शब्द ऐकले की माणूस निम्मा खचतो. ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्या कण्याचे फोटो काढले, तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसते. फोटोत दिसलं म्हणजे दुखणं त्याचंच, असं नाही. ऑपरेशन लागतं ते थोड्यांना. आठ-आठ दिवस पडून राहूनही कमर सुधारत नाही, हळूहळू हालचाल ठेवली की सुधारते.

पण या तीन गोष्टी झाल्या तर घरी थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं. बसताना जिथे खोगीर लागेल त्या जागेचा बधिरपणा. पायातली ताकद जाऊन पाऊल लोळू लागणं. यात तासांना किंमत असते.

कोयत्याचं_पोर, 'ती दहा मिनिटं कुणाची' याचं उत्तर माझ्या दवाखान्यात नाही. इतकंच सांगते, ब्रिटनमध्ये दहा वर्षं शेतात काम केलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा झिजला तर तो कामाचा आजार म्हणून कायद्यानं मान्य आहे आणि त्याची भरपाई मागता येते. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये, एक अवयव गमावला तर १ लाख. ती गरजेचीच आहे. पण चाळीस वर्षांत थोडा थोडा गेलेला खुबा अपघातात बसत नाही.

---

वऱ्हाडी_सरकी · १५ जुलै, रात्री ९.३०

बायकोला विचारलं. तिचं म्हणणं असं. वेचताना कमरेची ओटी भरत जाते, पाच-सहा किलो पुढे लोंबतात आणि पाठ मागे ओढून धरावी लागते. ओटी अर्धी भरली की बांधावर रिकामी करावी, पण किलोवर मजुरी असल्यानं तेवढी चक्कर कुणी मारत नाही. तिनं दोन्ही खांद्यांवरून येणारी झोळी शिवली, दप्तर पुढे अडकवावं तशी. भार कमरेवरून खांद्यांवर वाटला गेला. आमच्या रानात आम्ही आता ओळीच्या मध्येच एक पल्लं अंथरतो, म्हणजे रिकामं करायला बांधापर्यंत जावं लागत नाही.

ती म्हणाली, हेही लिहा: घरी आल्यावर धार काढायची असते. अंगठा मुडपून धार काढली की अंगठा जातो, पूर्ण मुठीनं काढावी. तिला तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, शिकवलं होतं.

---

पाऊलवाट_२ · १६ जुलै, सकाळी १०.२०

कोरियातल्या शेतकरी बायका बसायला एक जाड फोमची गादी पट्ट्यांनी कमरेला बांधून घेतात. उठलं की गादी बरोबर येते, बसलं की खाली असते. गुडघा पूर्ण मुडपत नाही. भुईमूग तोडायला, भाजी खुडायला आपल्याकडेही चालेल असं वाटतं. जुन्या फोमला रेक्झिन शिवून करता येईल.

---

जुना_नांगऱ्या · १७ जुलै, सायंकाळी ७.००

परदेशातल्या मुलानं लिहिलं ते दोनदा वाचलं. मालकांचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकच निघालं, याचं वाईट वाटलं. माझी आई शेवटची बारा वर्षं काठी घेऊन काटकोनात चालायची. आम्हाला वाटायचं म्हातारी माणसं अशीच होतात. खुरपं तिनं वापरलं असं मी अभिमानानं लिहिलं, पण ती कशी चालायची हे लिहिलं नाही. आता लिहितो.

---

शिवारातली · २ ऑगस्ट, रात्री ९.४५

दुसरी खुरपणी झाली म्हणून लिहिते.

वेल्डरकडून सायकलचं कोळपं करून घेतलं. वाफसा यायला चार दिवस थांबावं लागलं, तोवर तण वाढलं आणि घरात बोलणी खाल्ली. पण मधले पट्टे उभ्यानं निघाले आणि बुडातलं तण काढायला सात जणींऐवजी चौघी पुरल्या. इथे एक अडचण आली, ती लपवत नाही. ज्या तिघींना बोलावलं नाही, त्यांचा तीन दिवसांचा रोज बुडाला. त्यातल्या एकीला कोळपं ढकलायला बोलावलं, दोघींचं नाही जमवता आलं. याचा विचार अजून चालू आहे.

उक्तं न देता रोजानं दिलं आणि तासाला एकदा सगळ्यांनी मिळून उठायचं ठरवलं. एकटी उठली की तिला लाज वाटते, सगळ्या उठल्या की वाटत नाही. गोळ्यांची पट्टी या वेळीही निघाली, पण दोघींनीच घेतली.

आईला परत दाखवलं. व्यवसायाचा रकाना बदलायला सांगितला तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, "सातबारा आहे का नावावर?" मी म्हटलं, नाही, काम आहे. डॉक्टर तरुण होते, त्यांनी स्वतः खोडून 'शेतकाम, ४० वर्षे' लिहिलं आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, कुठलं काम कसं करता. ती दहा मिनिटं सांगत होती. व्यायाम दिले आहेत, करते.

ज्यांनी व्यक्तिगत निरोपात माप विचारलं त्यांच्यासाठी: मूठ कमरेच्या थोडी वर, कोपराच्या खाली येईल अशी घेतली. माझी उंची पाच फूट एक इंच, सासूबाई चार फूट आठ. वेल्डरला दांड्यात दोन-दोन इंचांवर चार भोकं पाडायला सांगितली, नटबोल्ट काढून मूठ वरखाली होते.

---

सायकल_कोळपं · २ ऑगस्ट, रात्री १०.१०

भोकांची युक्ती माझ्या डोक्यात आली नव्हती, ताई. उद्याच करून घेतो. बोल्टला स्प्रिंग वॉशर टाका, नाहीतर हादऱ्यानं सैल होईल.